आंबणे, आंबवणे आणि आंबत घालणे
(झाउअरक्राउट व मांस यांच्या एका पाकविधीच्या निमित्ताने कर्जत परिसरातील पाकक्रियापदांचा विचार)

१. विषयाची मर्यादा

कर्जत या नावाची तालुक्याची दोन गावे महाराष्ट्रात आहेत. एक रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, भातशेतीच्या मुलखात. दुसरे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पर्जन्यछायेच्या प्रदेशात. प्रस्तुत लेखाचा संबंध या दुसऱ्या कर्जतशी आहे. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यानचा हा तालुका अवर्षणप्रवण आहे आणि ज्वारी हे तेथील जेवणाचे अधिष्ठान आहे. एका अंगाला श्रीगोंदे, दुसऱ्या अंगाला जामखेड, भीमेपलीकडे पुणे जिल्हा, दक्षिणेस सोलापूर जिल्ह्यातील करमाळे व ईशान्येस बीड जिल्ह्यातील आष्टी अशा शेजारामुळे देशावरची, सोलापुरी आणि मराठवाडी अशा तीन वळणांची मराठी येथे एकत्र कानी पडते. पाकक्रियेच्या शब्दांचा अभ्यास करण्यास असा सीमावर्ती प्रदेश विशेष उपयुक्त असतो. कारण चूल आणि तिची भाषा जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही.

परभाषेतील एखादा पाकविधी आपल्या बोलीत सांगू लागले म्हणजे त्या बोलीतील क्रियापदांची खरी कसोटी लागते. पदार्थाचे नाव उसने घेता येते. पाकाची क्रिया मात्र आपल्याच क्रियापदांनी सांगावी लागते. याच हेतूने येथे मध्य युरोपातील एक जुना पदार्थ निवडला आहे: मिठात आंबवलेला कोबी आणि मांस बिअरमध्ये मंद आचेवर शिजवून केलेला पाक. जर्मनीत व फ्रान्सच्या आल्सास प्रांतात त्याची एक तऱ्हा आहे, पोलंडमध्ये 'बिगोस' या नावाने दुसरी. हा विधी कर्जतच्या एखाद्या गृहिणीला तिच्याच शब्दांत सांगावयाचा झाल्यास कोणते क्रियापद चालेल, हा लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मराठीतील एका सूक्ष्म अर्थभेदाची ओळख पटते आणि तो भेद आज का पुसट होत आहे हेही दिसून येते.

२. पाकविधीचे स्वरूप

विधीचे दोन भाग आहेत. पहिला भाग आठवड्यांचा, दुसरा काही तासांचा.

घट्ट गड्ड्याचा कोबी बारीक, लांब चिरतात. त्याला वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ, म्हणजे दहा किलो कोबीला दोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ, लावून तो हाताने चोळतात. मिठाने कोबीला पाणी सुटते. मग तो चिनीमातीच्या बरणीत किंवा लाकडी पिंपात दाबून भरतात आणि वर वजन ठेवतात. कोबी आपल्याच पाण्यात बुडलेला राहणे आणि त्याला हवा न लागणे, या दोन गोष्टींवर सर्व यश अवलंबून असते. पुढचे काम कोबीच्या पानांवर मुळातच असलेले सूक्ष्म जीव करतात. प्रथम ल्युकोनॉस्टॉक जातीचे जीवाणू वाढतात; ते आम्ल आणि कर्बद्विप्राणील वायू निर्माण करतात. आम्लता वाढली की ते मागे पडतात आणि तीव्र आम्लात तग धरणारे लॅक्टोबॅसिलस कुळातील जीवाणू त्यांची जागा घेतात. सुमारे अठरा ते वीस अंश सेल्सियस तापमानात चार ते सहा आठवड्यांत कोबी तयार होतो. उष्ण हवेत पहिली पायरी घाईने उरकते, दुसरी लवकर सुरू होते आणि कोबी मऊ पडून त्याची चव बिघडते. कर्जतसारख्या ठिकाणी, जेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हे काम करावयाचे झाल्यास ते पौष-माघाच्या थंडीतच करावे लागेल.

दुसरा भाग चुलीवरचा. एक किलो आंबवलेला कोबी घेतल्यास त्याच्या बरोबरीचे मांस, दोन कांदे आणि सुमारे अर्धा लिटर बिअर असा साधारण हिशेब असतो. कोबी फार आंबट असल्यास एकदा पाण्यातून काढून पिळतात. चरबीत कांदा परततात, मांसाचे तुकडे त्यावर लाल करून घेतात, मग कोबी घालून बिअर ओततात. मसाला अगदी थोडा: काळे मिरे, शहाजिरे, हपुषेची (जुनिपरची) आठ-दहा फळे आणि 'लॉरेल' वृक्षाची एक-दोन पाने. या पानांना मराठीत सरसकट 'तमालपत्र' म्हणतात, परंतु आपले तमालपत्र दालचिनीच्या प्रजातीतले आणि युरोपातले त्याच कुळातल्या वेगळ्या प्रजातीतले आहे. झाकण ठेवून हा पाक दोन ते तीन तास मंद आचेवर शिजतो. युरोपात मांस बहुधा डुकराचे असते, त्यात धुरावलेले मांस व सॉसेजही पडतात. बिगोसमध्ये निरनिराळी मांसे, रानातली अळंबी आणि कित्येकदा ताजा कोबीही असतो.

दोन-तीन तास शिजूनही कोबीचा लगदा होत नाही, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास नवल वाटण्याजोगी आहे. तिचे कारण आम्लात आहे. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारी द्रव्ये आम्लात सहजासहजी विरघळत नाहीत, म्हणून आंबट पाकात भाजी घट्ट राहते. मांसाची गोष्ट उलट आहे. त्यातील चिवट स्नायुबंध आम्लाच्या साहाय्याने लवकर सुटतात आणि रस्सा चिकट, दाट होतो. यातील पहिल्या भागाचे ज्ञान कर्जतच्या चुलीपाशी पूर्वीपासून आहेच: डाळ पुरती शिजल्याखेरीज तिच्यात चिंच घालावयाची नाही, कारण आंबटात डाळ शिजत नाही. आमटीच्या भांड्यात जो नियम अडचण म्हणून पाळावा लागतो, तोच झाउअरक्राउटच्या भांड्यात उपकारक ठरतो.

३. नावांची स्थित्यंतरे

'झाउअरक्राउट' हा जर्मन शब्द सरळ आहे: 'झाउअर' म्हणजे आंबट, 'क्राउट' म्हणजे पालेभाजी, विशेषतः कोबी. आल्सासच्या जर्मन बोलीत याचेच रूप 'सूर्क्रूट' असे होते. ते फ्रेंच भाषकांच्या कानी पडले तेव्हा त्याचे 'शुक्रूत' झाले. फ्रेंचमध्ये 'शू' म्हणजे कोबी आणि 'क्रूत' म्हणजे पावाचा कठीण पापुद्रा. म्हणजे मूळ शब्दाचा जो अवयव 'आंबट' सांगत होता त्यातून फ्रेंच कानाने 'कोबी' ऐकला, आणि जो 'कोबी' सांगत होता त्यातून 'पापुद्रा' ऐकला. लोकव्युत्पत्तीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. नावात कोबी राहिला, पण मुळात तो जेथे होता तेथे नव्हे.

आपल्या शेजारी गोव्यात असेच घडले आहे. पोर्तुगीजांनी 'व्हीन्य द आल्युश', म्हणजे द्राक्षमद्य आणि लसूण, यांत मुरवलेल्या मांसाचा प्रकार आणला. गोव्यात द्राक्षमद्याच्या जागी माडाचा शिरका आला, मिरचीची भर पडली, आणि नावाचे 'विंदालू' झाले. पुढे देशोदेशीच्या खाणावळींत 'आलू' हा शब्द ओळखीचा वाटून त्यात बटाटे पडू लागले. येथे लोकव्युत्पत्ती केवळ कोशात न राहता थेट भांड्यात उतरली.

नाव राजकारणानेही बदलते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनविरोधी भावना तीव्र झाली तेव्हा १९१८ च्या सुमारास या पदार्थास 'लिबर्टी कॅबेज', म्हणजे स्वातंत्र्याचा कोबी, असे म्हणण्याची टूम निघाली. युद्ध संपले आणि ते नावही मागे पडले. इंग्रजी सैनिकांच्या बोलीत मात्र 'क्राउट' हा शब्द जर्मन माणसाचेच हिणकस नाव बनून राहिला. शत्रूला त्याच्या अन्नाने ओळखणे आणि हिणवणे हा भाषेचा जुना स्वभाव आहे.

मराठीत यांपैकी एकही नाव रुळले नाही, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अहमदनगरच्या छावणीत जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक स्थानबद्ध होते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तरीही 'झाउअरक्राउट' किंवा 'बिगोस' हे शब्द मराठीच्या शब्दसंग्रहात आले नाहीत. याउलट 'कोबी' हा शब्दच पोर्तुगीज 'कोव्ह' वरून आलेला आहे, आणि त्याच वाटेने 'बटाटा', 'काजू', 'अननस', 'पाव' हेही आले. शब्द उसने येण्यास नुसते सान्निध्य पुरत नाही. बियाणे, बाजार, स्वयंपाकी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची देवघेव लागते. काही वर्षांच्या छावणीने जे साधले नाही ते शतकांच्या बाजाराने साधले.

४. आंबट आणि आंबील

आता कर्जतच्या शब्दांकडे वळू. संस्कृत 'अम्ल' शब्दाची प्राकृतात 'अंब' आणि 'अंबिल' अशी रूपे झाली. पहिल्यापासून मराठीत 'आंबणे', 'आंबट', 'आंबूस' ही मालिका निघाली, दुसऱ्यापासून 'आंबील'. 'आम्र' शब्दाचेही प्राकृतात 'अंब' असेच रूप झाल्यामुळे 'आंबा' आणि 'आंबट' हे शब्द सख्खे भासतात, परंतु त्यांची कुळे वेगळी आहेत. 'आमटी' हा शब्दही अम्लाच्याच घरातला. आज कर्जत परिसरात प्रसिद्ध असलेली 'शिपी आमटी' किंवा दक्षिण नगर व मराठवाड्यात केली जाणारी 'येसर आमटी' यांची कीर्ती झणझणीतपणाची आहे. पदार्थाचे नाव आंबटपणा सांगते, जिभेला मात्र प्रथम तिखट लागते. मिरचीही पोर्तुगीजांबरोबर आली हे लक्षात घेतले म्हणजे 'आमटी' हे नाव मिरचीच्या आधीची चव जपून राहिले आहे असे म्हणता येते. फ्रेंच 'शुक्रूत' मधील आंबट हरवले तसेच येथेही झाले. तेथे ते ध्वनीतून गेले, येथे वाटीतून.

आंबील हा ज्वारीच्या मुलखाचा खरा आंबवलेला पदार्थ. ज्वारीचे पीठ किंवा कण्या ताकात वा पाण्यात रात्रभर ठेवतात, दुसऱ्या दिवशी मीठ, जिरे, लसूण लावून ती पातळ शिजवतात. उन्हाळ्यात ती थंड पितात. ज्येष्ठा गौरींच्या नैवेद्यात आणि ग्रामदेवतांच्या आंबील-घुगऱ्यांत तिला मान आहे. आंबिलीच्या मडक्यात जे घडते आणि झाउअरक्राउटच्या पिंपात जे घडते, ते रसायनाच्या दृष्टीने एकाच जातीचे आहे: धान्यातील अथवा भाजीतील शर्करेचे दुग्धाम्ल होते. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. आंबील एका रात्रीची, तहान भागवणारी. झाउअरक्राउट हिवाळ्याची बेगमी.

५. तीन क्रियापदे

येथे मुख्य प्रश्नाला हात घालता येतो. कोबीचे हे जे होते, त्यास मराठीत काय म्हणावे? पाच शब्द समोर येतात: खारवणे, मुरवणे, विरजणे, आंबवणे आणि आंबत घालणे.

'खारवणे' यात मीठच टिकाऊपणाचे साधन असते. मासळी खारवतात, कैरीच्या फोडी खारवतात. झाउअरक्राउटमध्ये मीठ आहे, पण दोन-अडीच टक्के. तेवढ्या मिठाने काहीच टिकत नसते. मीठ फक्त योग्य जीवाणूंना वाट करून देते आणि टिकवण्याचे काम त्यांनी केलेले आम्ल करते. म्हणून हा शब्द सयुक्तिक नाही. 'मुरवणे' म्हणजे मीठ, मसाला, रस हे पदार्थात आतवर शिरू देणे. लोणचे मुरते, मोरंबा मुरतो. कैरीच्या लोणच्यातील आंबटपणा कैरीने स्वतःबरोबर आणलेला असतो. मुरण्याने तो निर्माण होत नाही. कोबीत मात्र आंबटपणा आधी नसतो, तो नव्याने जन्मतो. 'विरजणे' या क्रियेत बाहेरून विरजण लावावे लागते. कोबीला विरजण नको, त्याचे विरजण त्याच्या पानांवरच असते.

उरतात आंबवणे आणि आंबत घालणे. त्यांचा अर्थ समजण्यासाठी प्रथम त्यांचे मूळ रूप 'आंबणे' पाहिले पाहिजे. 'भात आंबला', 'आमटी आंबली', 'पीठ उन्हाने आंबले' या वाक्यांत कर्ता वस्तू आहे आणि माणूस अनुपस्थित आहे. अर्थ बहुधा हानीचा. 'कामाने अंग आंबून गेले', 'चिंच खाऊन दात आंबले' येथेही तेच: जे घडू नये ते घडले. याउलट 'पीठ आंबवले' यात प्रयोजक प्रत्ययाने माणूस वाक्यात आणला आणि त्याबरोबर हानीचा अर्थ नाहीसा झाला. रासायनिक क्रिया तीच, पण एकात चूक आहे, दुसऱ्यात कौशल्य. व्याकरणातील प्रयोजक रूप येथे हेतूची साक्ष देते.

हा नियम इतर क्रियापदांना लावून पाहण्याजोगा आहे. 'दूध नासले' हे नुकसान. 'दूध नासवले' ही छेना करणाऱ्याची कृती. 'पाने कुजली' ही घटना. 'पाने कुजवली' हे शेतकऱ्याचे खत. परंतु 'भाजी विटली' या अर्थाचे 'भाजी विटवली' असे रूप मराठीत होत नाही. विटणे हेतुपूर्वक घडवून आणण्याचा प्रसंगच स्वयंपाकात येत नाही, म्हणून भाषेने ते रूप घडवले नाही. खराब होण्याच्या क्रियांपैकी ज्यांचा माणसाने उपयोग करून घेतला त्यांनाच प्रयोजक मिळाले, असे साधारणपणे म्हणता येते.

'आंबत घालणे' हे तिसरे रूप या दोहोंच्या मध्ये उभे आहे. 'भिजत घालणे' प्रमाणेच त्याची रचना आहे. यात माणूस आरंभ करतो, परिस्थिती सिद्ध करतो आणि बाजूला होतो. क्रिया आपल्या गतीने चालते. 'आंबवले' मध्ये फळ हाती आल्याचा निश्चय आहे. 'आंबत घातले' मध्ये वाट पाहणे आहे, आणि फळ न मिळण्याची शक्यताही आहे. मीठ लावून, दाबून, वजन ठेवून चार-सहा आठवडे थांबण्याच्या क्रियेस याहून अचूक शब्द दुसऱ्या भाषांत सहज सापडत नाही. विधीची भाषा म्हणून 'कोबी आंबत घालावा' आणि सिद्ध पदार्थाचे नाव म्हणून 'आंबवलेला कोबी' असे म्हटले असता कर्जतच्या गृहिणीस कोणतीही टीप द्यावी लागणार नाही.

६. मांस, बिअर आणि क्रियापदांची प्रतिष्ठा

हा पदार्थ कर्जतमध्ये परका वाटेल तो आंबटपणामुळे नव्हे. आंबट आणि मांस एका भांड्यात आल्यामुळे. देशावरच्या मटणाच्या रश्शाला कांदा, खोबरे, तिखट आणि भाजलेल्या धान्याचा दाटपणा लागतो. आंबट असलेच तर ते ताटाच्या कडेला लिंबाच्या फोडीत असते. मांसाच्या निवडीतही भाषा बोलते. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दुकानांवर 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी दिसते. बोल्हाई देवीच्या भक्तांना बोकडाचे मांस वर्ज्य असते, ते मेंढीचे खातात. त्यामुळे देवीचे नाव मांसाच्या जातीचे नाव बनले आहे. युरोपातील हा पाक कर्जतमध्ये रांधावयाचा झाला तर डुकराच्या जागी मेंढीचे मांस स्वाभाविक ठरेल. त्याची चरबी आंबट कोबीला चांगली पेलते.

टिकवलेल्या मांसाचे शब्द मात्र कर्जतच्या शेजारी आहेत, आणि ते प्रमाण पाककोशांत क्वचितच आढळतात. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवल्या की त्यांना 'चान्या' म्हणतात. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या अन्नसंस्कृतीचे दर्शन घडवणाऱ्या शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकामुळे असे अनेक शब्द लिखित मराठीत आले. आल्सासचे धुरावलेले मांस आणि मराठवाड्याच्या चान्या यांची गरज एकच होती: एका दिवसाचे मांस अनेक दिवसांना पुरवणे. एकास जगभरच्या उपाहारगृहांत मान मिळाला. दुसऱ्याचे नाव सांगताना बोलणारा संकोचतो. हा भेद चवीचा नाही, समाजातील स्थानाचा आहे.

बिअरच्या बाबतीतही असेच दिसते. बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचे आंबवलेले पाणी. यातील क्रिया यीस्टची असते. तिच्यात शर्करेपासून मद्यार्क व वायू होतो. आफ्रिकेच्या अनेक भागांत ज्वारीलाच मोड आणून बिअर करतात. म्हणजे कर्जतच्या शेतात जे धान्य भाकरीचे व आंबिलीचे असते, ते तेथे मद्याचेही आहे. मराठीत मात्र मोहाची फुले वा गूळ यांपासून दारू काढण्याच्या संदर्भात लोक 'सडवणे' असे क्रियापद वापरतात. दोशाचे पीठ 'आंबवतात', मोहाची फुले 'सडवतात'. दोन्ही क्रिया सूक्ष्म जीवांच्याच, पण एक क्रियापद घरातले, दुसरे वेशीबाहेरचे. गोव्यात पाव फुगवण्यासाठी जी ताजी माडी वापरीत, तिने हे अंतर एकेकाळी ओलांडले होते. पाकातील बिअरबद्दल एवढे नमूद केले पाहिजे की, तासभर उकळूनही तिच्यातील मद्यार्क पूर्णपणे जात नाही, काही अंश उरतोच; म्हणून मद्य वर्ज्य मानणाऱ्यांना ही गोष्ट आधी सांगणे उचित. हॉप्सचा कडवटपणा मात्र आटल्याने वाढतो, त्यामुळे फार कडवट बिअर या पाकास चालत नाही. सातूचा गोडवा अधिक असलेली चालते, कारण तीच कोबीच्या आंबटाला तोलते.

७. शिळे आणि मुरलेले

बिगोसविषयी पोलंडमध्ये अशी समजूत आहे की, तो केल्या दिवशी खाऊ नये. तो गार करावा, पुन्हा तापवावा, पुन्हा गार करावा. दोन-तीन दिवसांनी तो खरा होतो. आदाम मित्सक्येविच यांच्या 'पान ताद्येउश' (१८३४) या काव्यात शिकारीच्या प्रसंगी बिगोसचे वर्णन येते, आणि शब्दांचा स्वामी असलेला तो कवी तेथे त्या चवीपुढे शब्दांची असमर्थता कबूल करतो.

मराठीत पुन्हा तापवण्याचा उपहास आहे: 'शिळ्या कढीला ऊत'. म्हणीतला उपहास माणसांच्या जुन्या वादांबद्दल असला तरी तिचा आधार चुलीवरचा आहे. आश्चर्य असे की, व्युत्पत्तीने पाहता ही कढी आणि पोलिश कोबी एका कुळातली आहेत. पोलिशमध्ये आंबवलेल्या कोबीस 'कापुस्ता किशोना' किंवा 'कापुस्ता क्वाशोना' म्हणतात. यातील 'क्वाशोना' हा शब्द 'क्वास' (आंबट, आम्ल) यापासून झाला आहे. रशियातील 'क्वास' हे आंबवलेले पेयही याच शब्दाचे. भाषाशास्त्रज्ञ या स्लाव्ह शब्दाचा संबंध संस्कृत 'क्वथति' (उकळते, खदखदते) या धातुरूपाशी जोडतात. 'क्वथति'पासून प्राकृत 'कढइ' आणि त्यापासून मराठी 'कढणे', 'काढा', 'कढी'. एका शाखेने त्या धातूतील खदखदणे आगीकडे नेले, दुसरीने आंबण्याच्या बुडबुड्यांकडे. पिंपात कोबी आंबत असताना जे बुडबुडे येतात ते पाहिले म्हणजे आगीवाचून होणाऱ्या या 'कढण्या'ची कल्पना पटते. जर्मन 'झाउअर' आणि संस्कृत 'सुरा' यांचे साम्य मात्र केवळ कानाचे आहे. त्यांच्या व्युत्पत्ती निराळ्या आहेत, आणि अशा ठिकाणी ध्वनीच्या मोहात पडू नये.

पुन्हा तापवलेल्या बिगोसला 'शिळा' म्हणणे बरोबर होणार नाही. 'शिळे' हा शब्द केवळ गेलेला वेळ मोजतो. गेलेल्या वेळेने पदार्थाचे भले केले असेल तर मराठी 'मुरले' म्हणते. कोबीसाठी जे क्रियापद वर नाकारावे लागले, ते सिद्ध पाकाला अचूक लागू पडते: मांसाची चरबी, बिअरचा गोडवा आणि कोबीचा आंबटपणा एकमेकांत शिरण्यास दोन दिवस लागतात. कोबी आंबतो, बिगोस मुरतो.

८. 'किण्वन' आणि उपसंहार

१८५७ साली लुई पाश्चर यांनी लील येथे दुग्धाम्लाच्या किण्वनावरील आपला निबंध मांडला. त्याच वर्षी मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. एकीकडे आंबण्याचे कारण सापडत होते, दुसरीकडे आंबण्याची भाषा नोंदली जात होती. आज शालेय व विद्यापीठीय मराठीत या सर्व क्रियांना 'किण्वन' असा एकच शब्द आहे. तो शब्द जुना आणि उत्तम कुळातला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्याच्या बीजद्रव्यास 'किण्व' म्हटले आहे. विज्ञानास असा व्यापक शब्द हवाच. परंतु तो दही, आंबील, पाव, बिअर आणि झाउअरक्राउट यांना सारखाच लागू पडतो, आणि म्हणूनच त्यांच्यात भेद करू शकत नाही. शिवाय 'किण्वन झाले' या वाक्यातून हेतू कळत नाही: भात बिघडला की पीठ साधले, हे वाक्य सांगत नाही. 'आंबले', 'आंबवले' आणि 'आंबत घातले' ही तीन रूपे ते सांगतात.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा असता तर त्याचे एवढे महत्त्व नव्हते. ही क्रियापदे ज्या भांड्यांपाशी शिकली जातात, तेथेच ती जगतात. आंबिलीचे मडके नैवेद्यापुरते उरले की 'आंबत घालणे' हे रूप रोजच्या तोंडातून जाते. दोशाचे पीठ पिशवीत तयार मिळू लागले की 'आंबवणे' हे काम कारखान्याचे होते आणि घरात फक्त 'आंबणे' उरते, म्हणजे तेवढीच हानीची बाजू. चान्या या शब्दाचे जे झाले, तो लिहिला जाण्यापूर्वीच लाजेने दबला, तसे इतरही शब्दांचे होऊ शकते. बोलीचे शब्द गोळा करणाऱ्या अभ्यासकाने म्हणून केवळ पदार्थांच्या नावांची यादी करून थांबू नये. नाव कोशात सहज येते. क्रियापद मिळवण्यासाठी मात्र चुलीपाशी बसून 'आता काय केलेत?' असे विचारावे लागते, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे लागते.

दूरच्या देशातील एक पाकविधी कर्जतच्या बोलीत सांगण्याच्या प्रयत्नातून एवढे हाती लागते: कोबीला मीठ लावून तो आंबत घालावा, आंबला की मांसासह बिअरमध्ये मंद आचेवर शिजवावा, मुरला की वाढावा. या एका वाक्यातील तीन क्रियापदे तीन निरनिराळ्या काळांची आणि तीन निरनिराळ्या हेतूंची आहेत, आणि त्यांपैकी एकही शब्द परका नाही.